रिकामं पाकीट

नाणं त्यांनी दिलं, पाकीट मात्र ठेवून घेतलं.

मार्चातली दुपार. साताऱ्यातल्या एका जुन्या घराचं माजघर, खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा करपलेला उतार दिसत होता. काकांनी बटर पेपरच्या दोन बोटं रुंद पाकिटातून नाणं माझ्या तळहातावर सोडलं. मी दिलेले पैसे त्यांनी मोजलेही नाहीत, तसेच पंचांगाखाली सरकवले. मग मी ते पाकीट उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी त्यावर हलकेच पंजा ठेवला. म्हणाले, "हे असू द्या माझ्याकडे, बाई." मी "हो हो" म्हणून हात मागे घेतला. पण परतीच्या एसटीत बोगद्यातून गाडी बाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात नाणं नव्हतंच, ते पाकीट होतं. नाण्यांच्या नादाला लागलेल्या माणसाला त्याचं मोल सांगावं लागत नाही. नाणं कुठून मिळालं, कधी, वजन किती, काय वाचलं, हे सगळं पेन्सिलीने त्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. पाकीट नसलं की नाणं नुसतं हातात येतं, त्याचं मागचं सगळं तिकडेच राहतं. त्या पाकिटावर बारीक अक्षरात दोन ओळी होत्या एवढं मला दिसलं होतं. एक ओळ खोडलेली होती बहुतेक. वाचायला चष्मा लावेपर्यंत त्यांचा हात आला.

ज्यासाठी मी २३ वर्षं थांबले होते ते छत्रपती संभाजी महाराजांचं तांब्याचं नाणं त्या वेळी माझ्या पर्समध्ये रुमालाच्या घडीत होतं, आणि मी रुसल्यासारखी खिडकीबाहेर बघत होते.

माझे वडील भांड्यांच्या दुकानात कामाला होते. नवं भांडं घ्यायला येणारी माणसं जुनं पितळ-तांबं मोडीत घालायची. चेपलेले तांबे, बूड गेलेली घंगाळी, तुटक्या समया. त्या ढिगात मधूनच तांब्याचे जाड, वेडेवाकडे पैसे निघायचे. शिवराया, म्हणजे शिवराई नाणी. एखाद्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की ट्रंकेतली चिल्लर भांड्यांबरोबर काट्यावर चढायची आणि किलोच्या भावाने जायची. पुढे भट्टी. मालकांना विचारून वडील कधीकधी त्यातला एखादा पैसा घरी आणायचे. मी तेव्हा चार-साडेचार वर्षांची असेन. ते पैसा जमिनीवर ठेवायचे, वर वहीचं पान, आणि मला शिसपेन्सिल आडवी धरून घासायला लावायचे. कागदाखालून अक्षरं वर यायची. आधी एक वाकडी रेघ, मग काना, मग एकदम "रा". शाळेच्या पाटीवर मी ग गवताचा गिरवला त्याच्या कितीतरी आधी मला तांब्यातला "श्री" ओळखता येत होता. घासताना येणारा तो आवाज, बोटांना लागणारी काजळी, कागद उचलल्यावर पैशाचा हाताला चिकटलेला आंबूस वास. आजही तांब्याचा वास आला की मला पहिल्यांदा आठवतो तो आमचा शहाबादी फरशीचा ओटा.

"खाली काय आहे?" वडील विचारायचे. खाली बहुतेक वेळा काहीच नसायचं. पैसा तिथे संपलेला असायचा.

"खाली शिव," तेच उत्तर द्यायचे. "असणारच."

ते "असणारच" पुढे माझ्या मानगुटीवर बसलं. शिवराईवर एका बाजूला तीन ओळी असतात, श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन, छत्र आणि पति. पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, शिवाय सगळं हातोडीचं काम. तुकडा ठशाखाली जरा सरकला की एखादी ओळ बाहेर पडली. म्हणून पूर्ण मजकुराची शिवराई विरळाच. कुणाचा "श्री" गेलेला, कुणाचा "शिव" अर्धा. आणि गंमत अशी की "शिव" वाचलं म्हणून ते नाणं शिवाजी महाराजांच्या हयातीतलंच, असंही म्हणता येत नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्या वेळी सुरू झालेलं हे नाव पुढच्या छत्रपतींनी चालवलं, पेशवाईत चाललं, इंग्रजी अमदानीतही हा पैसा बाजारात बराच काळ फिरत राहिला. गादीवर कोणीही असो, पैशावर राजा शिव. आजूबाजूच्या मोठमोठ्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांत पडत असताना एका राजाने आपलं नाव आपल्या लिपीत तांब्यावर उमटवलं आणि ते माणसांच्या कनवटीला दीडशे-दोनशे वर्षं राहिलं. मला हे आठवलं की अजूनही अंगावर शहारा येतो.

त्या शिवराई पैशांच्या लोंढ्यात शंभूराजांचा पैसा म्हणजे एक लहानसा ओहोळ. राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. ११ मार्च १६८९ ला सगळं संपलं. जेमतेम आठ वर्षं, आणि तीही सतत लढाईची. त्यांच्या नाण्यावरही श्री आणि राजा, मागे छत्रपति. फरक फक्त खालच्या ओळीत. शिवच्या जागी शंभू. म्हणजे जी ओळ बहुतेक पैशांवर कापली जाते, नेमकी तीच.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शाळेत शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. जुन्या बाजारात एका रविवारी पथारीवरच्या शिवराया चाळत होते. शेजारी उकिडवे बसलेले एक गृहस्थ माझ्या हातातला पैसा बघून म्हणाले, "खालची ओळ बघून घ्या हो. सगळेच शिव नसतात." एवढं बोलून ते उठून गेले. मी घरी आले, माळ्यावरचा वडिलांचा डबा काढला आणि रात्री दोन वाजेपर्यंत सगळ्या शिवराया दिव्याखाली धरून बसले. वडील जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. ३४ पैसे होते. प्रत्येकाच्या खालच्या ओळीशी मी त्यांच्या "असणारच"ची खात्री करून घेत होते, आणि कुठेतरी ते खोटं ठरावं अशीही इच्छा होती. खोटं ठरलं नाही. जिथे ओळ दिसत होती तिथे शिवच होता. कुठे शीव, कुठे सिव, पण तोच. जन्मभर मुलांची ऱ्हस्व-दीर्घं तपासत आले, तरी त्या कारागिराची वेलांटी मला कधी चूक वाटली नाही. उलट्या आरशातली अक्षरं पोलादात कोरणारा माणूस तो. दर वेळी वेलांटी वेगळी पडली म्हणूनच तो होता हे कळतं.

त्या रात्रीपासून अल्बममध्ये मी एक कप्पा मोकळा ठेवला.

शोधताना फसलेही. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे स्वच्छ, पूर्ण तीन ओळींचा शंभू दिसला आणि माझे हातपाय गार पडले. भिंग लावलं, पण बघितलं काय तर फक्त मजकूर. शंभू आहे ना, आहे. पैसे दिले. घरी येऊन नाणं उभं धरलं तेव्हा काठावरून फिरणारी एक बारीक, कानशीने घासलेली रेघ दिसली. दोन अर्ध्या साच्यांचा सांधा. मग बाकीचं आपोआप दिसायला लागलं. ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षर तांब्यातून ताठ उठतं, त्याच्या कडा बोटाला जाणवतात. घणाच्या दणक्याने धातू बाहेरच्या बाजूला पसरलेला असतो. ओतीव नाण्यातलं अक्षर अंघोळीच्या साबणावरच्या नावासारखं असतं, खांदे उतरलेलं. आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खळगे, वितळलेल्या धातूतल्या हवेचे. हे सगळं मला माहीत होतं, दुसऱ्यांना मी ते समजावून सांगत असे. पण हवीहवीशी वस्तू समोर आली की डोळे आपलं काम करत नाहीत. ते खोटं नाणं मी फेकलं नाही. ते वेगळ्या पाकिटात आहे, पाकिटावर तारीख आहे.

आणि एकदा ते माझ्या इतक्या जवळून गेलं असेल की त्याचा विचार मी शक्यतो करत नाही. भोरकडच्या एका गावातला माझा जुना विद्यार्थी. त्यांच्या शेतात विहिरीचं खोदकाम चालू असताना गाडगं फुटलं आणि पैसे निघाले. बाईंना नाण्यांतलं कळतं म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. ओटीवर गोणपाटावर ढीग, सत्तर-ऐंशी असतील, मातीने लडबडलेले, काही एकमेकांना चिकटून हिरवे झालेले. त्याचे वडील म्हणाले, "बाई, तुम्हाला हवे ते घ्या. तुम्ही पोराला शिकवलंय." १८७८ चा कायदा आहे. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तो कायदा मला ठाऊक होता, आणि त्याहून एक गोष्ट जास्त ठाऊक होती. एकदा का त्यातला एक पैसा उचलला की तो ढीग मोडला. कोणते पैसे कोणाबरोबर पुरले गेले, यावरून तर ते गाडगं कधी पुरलं हे कळणार. मी त्यांना तहसील कचेरीत चला म्हटलं. बरोबर गेले. पंचनामा होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. पर्समध्ये भिंग होतं. त्या ढिगाशी मी तासभर तरी बसले असेन, पण भिंग काढलंच नाही. काढलं असतं आणि खालच्या ओळीत तो दिसला असता, तर मी काय केलं असतं याची मला खात्री नव्हती.

नंतर कितीतरी रात्री मी त्या गोणपाटावर बसलेली असायचे.

साताऱ्याच्या काकांचा पत्ता एका परिचितांनी दिला. काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की, वाचता येणारं कोणी असेल तर पाठवा. फोनवर त्यांनी मला किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारले. तुमच्याकडे काय काय आहे, कसं ठेवता, चिंच लावता का. मी म्हटलं, पाणीसुद्धा लावत नाही. मग म्हणाले, "या." किमतीत घासाघीस करावी असं मला वाटलं नाही. आरडी मोडली. का विकताय, हे विचारायचं धाडस झालं नाही, पण त्यांनीच सांगितलं, "आमच्यामागे हे कोणी उघडून बघणार नाही. मोडीतून आलंय ते, परत मोडीत जायला नको." मोडीतून, हा शब्द ऐकला आणि मला वडिलांच्या दुकानातला तो काटा दिसला, साखळ्यांसकट.

माजघरात खिडकीशी खाटेवर काकू बसल्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. आवाजाच्या दिशेने चेहरा वळवून ऐकत होत्या. मी नाणं कडेने धरून उन्हात नेलं. मुद्रेवर बोट लावायचं नाही, घामाचा डाग तांब्यावर कायमचा बसतो, हा नियम मी शाळेतल्या मुलांनाही शिकवलेला. गडद, चॉकलेटी काळपट तांबं, खोलगट जागी जरासा हिरवा. वरचा श्री अर्धा कापलेला, त्याचा फक्त खालचा फराटा उरलेला. राजा ठसठशीत. उजव्या काठाला मण्यांच्या वळ्यातले चार-पाच ठिपके. आणि खाली श. त्याच्यावर वेलांटी नव्हती. त्याच्या डोक्यावर, जा च्या कान्याखाली, एक टिंब. वळ्याचा ठिपका इतका आत येणार नाही, हे मनाशी दोनदा घोकलं. पुढे भ ची गाठ, आणि ऊकार सुरू होतो न होतो तोच काठ. सगळं नाणं मी त्या टिंबात वाचलं. ३१ वर्षं मी तिसरी-चौथीच्या वह्यांत तेच करत आले आहे. अनुस्वार विसरू नका, टिंब गेलं की शब्द बदलतो. इथे टिंब गेलं असतं तर एक राजा हरवला असता.

"येतंय का वाचता नीट?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, हो काकू, छान आहे. पाहुण्याशी बोलायचं म्हणून त्या बोलल्या असतील असं मला वाटलं. मी नाण्यातून मान वर काढली नव्हती.

घरी आल्यावर वजन केलं, १२.१ ग्रॅम. काठ बघितला, चारही बाजूंनी. सांधा नाही, एका बाजूला छिन्नीने तोडल्याची खरखरीत खूण. रात्री अल्बम उघडला आणि त्या मोकळ्या कप्प्याचं प्लास्टिक इतक्या वर्षांनी आत चिकटून बसलं होतं, ते नखाने सोडवावं लागलं. नाणं आत गेलं. मी पान मिटलं. आनंद झाला का? झाला. पण मला वाटलं होतं तसा तो आला नाही. माझ्या मनात त्या क्षणाचं चित्र फार जुनं होतं आणि त्यात वडील समोर बसलेले होते, कागद-पेन्सिल घेऊन. "खाली काय आहे?" असं विचारणारं कोणी खोलीत नव्हतं. शिवाय एक भीती होती, की आता बुधवार-रविवारी मी जुन्या बाजारात कशाला जाऊ. नंतरच्या बुधवारी गेलेच. पथारीवर वाकले आणि सवयीने डोळे खालच्या ओळीकडे गेले, आणि मग लक्षात आलं की मी आता काही शोधत नाहीये, नुसती वाचतेय. ते बरंही वाटलं आणि पोरकंही.

आणि त्या सगळ्यात पाकीट होतंच. नव्या पाकिटावर लिहायला मी तीनदा पेन्सिल घेतली. वजन लिहिलं, आकार लिहिला, तारीख लिहिली. "कुठून" या शब्दापुढे साताऱ्याचं नाव लिहिलं आणि हात थांबला. ते तिथे कुठून आलं? मोडीतून म्हणाले, पण कधी? खोडलेल्या ओळीत काय होतं? म्हाताऱ्या माणसाकडून त्याची आवडती वस्तू घेऊन आल्यावर परत फोन करून कागदही मागायचा, हे मला हावरटपणाचं वाटत होतं. तीन आठवडे मी तो फोन केला नाही. शेवटी काल संध्याकाळी केला. पाकीट नको काका, म्हटलं, त्यावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा, मी माझ्या पाकिटावर उतरवून घेते.

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग चष्म्याच्या डबीचा. काका शाळेतल्या श्रुतलेखनासारखं सावकाश वाचायला लागले आणि मी लिहायला लागले. "मे १९७९. मोडवाल्याकडून वजनावर, एकूण ६२ नग. शिवराई. श्री राजा शिव." ते थांबले. "हे माझं अक्षर. यावर काट आहे." मी माझ्या पाकिटावर तसंच लिहिलं आणि तशीच काट मारली. "खाली दुसरी ओळ. दिवाळी १९९०. शिव नाही. श वर टिंब आहे, शंभू." पुन्हा थांबले. बराच वेळ. "ही ओळ माझी नाही. अकरा वर्षं मी ते शिव म्हणूनच ठेवलं होतं. दिवाळीच्या आवराआवरीत हिने डबा पुसायला काढला, आणि हिला दिसलं. हिचं अक्षर आहे हे."

मला तो पंजा आठवला. काही बोलावं तर घशातून शब्द येईना.

पलीकडून, लांबून, काकूंचा आवाज आला. "अहो, टिंबाचं सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं, सांगितलं."

"द्या इकडे." फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. "बाई, डोळ्यांनी नका बघू. बोट फिरवा श वरून. तिळाएवढं आहे, पण लागतं बोटाला. मी अजून परवापरवापर्यंत बघत होते तसंच."

मी अल्बम ओढून घेतला, फोन खांद्याशी धरला, नाणं कप्प्यातून बाहेर काढलं आणि श वर बोट ठेवलं.

"लागलं?"